इंजिन खोलण्याआधी : डिझेल ट्रकमधील खडखडीचा माग कसा काढावा

डिझेल इंजिनाचा आवाज कधीच पूर्णपणे मऊ नसतो. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन तापते, त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेल फवारते, आणि फवारा सुरू झाल्यापासून तो पेट घेईपर्यंत जो अतिसूक्ष्म काळ जातो, तेवढ्यात जमा झालेले डिझेल एकदम पेटते. आपल्या ओळखीची टकटक ही त्या धक्क्याची असते. इंजिन गार असताना पेट घ्यायला थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून सकाळी पहिल्या स्टार्टला आवाज कडक येतो आणि पाणी तापले की तो निवळतो. त्यामुळे इंजिन वाजते का, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. कालपर्यंतच्या आवाजात आज नेमकी कशाची भर पडली, हे शोधायचे असते.

हे शोधण्याआधीच इंजिन खोलले गेले की काय होते, याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. साखरेची पोती भरून निघालेल्या एका दहाचाकी ट्रकला आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, खडखड येऊ लागली. ‘रॉड वाजतोय’, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी (क्रँकशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड सैल झाला, असा निष्कर्ष काढून एका गॅरेजात त्याचे चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) आणि हेड (सिलिंडरवरचे झाकण) दोन्ही उतरवले गेले. चार दिवसांनी इंजिन जोडून सुरू केले, तेव्हा तोच आवाज त्याच जागी हजर होता. आवाज ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या एअर कॉम्प्रेसरचा होता. टाकीत एअर पूर्ण भरून अनलोडर (कॉम्प्रेसरवरचा भार उतरवणारी झडप) सुटला की खडखड जवळजवळ बंद होत असे, आणि ही गोष्ट ड्रायव्हरच्या पहिल्याच दिवशी लक्षात आली होती. त्याला कोणी विचारले नव्हते. मालकाचे चार दिवसांचे भाडे गेले, हेड गॅस्केटचा खर्च झाला, आणि चांगली बसलेली बेअरिंगे विनाकारण हलवली गेली. पुढील पद्धत असा प्रकार टाळण्यासाठी आहे. हातात पाना घेण्याआधी संशयाचा परीघ लहान करत आणायचा आणि प्रत्येक टप्प्यावर कमीत कमी खोलून जास्तीत जास्त माहिती मिळवायची.

इंजिनागणिक आकडे बदलतात, म्हणून उदाहरणासाठी मी एकच इंजिन धरतो. टाटाच्या २५१५ सारख्या ट्रकांत बसलेले, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेले, ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी कमिन्स बी मालिकेचे इंजिन आणि त्यावरचा डिझेल फवारणीचा यांत्रिक पंप आपल्याकडच्या बहुतेक मिस्त्रींच्या हाताखालून गेलेला आहे. इतर इंजिनांसाठी पद्धत हीच ठेवावी, आकडे मात्र त्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्यावेत.

पहिला निर्णय : इंजिन चालू ठेवायचे की नाही

आवाज आल्याबरोबर ऑइल प्रेशरकडे पाहावे. प्रेशर पडलेले असेल किंवा दिवा लागला असेल, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे आणि ‘पुढच्या ढाब्यापर्यंत’ हा विचार मनातून काढून टाकावा. आवाज खोल, जड, घणाच्या ठोक्यासारखा असेल आणि लोड पडताच वाढत असेल, किंवा त्याच्या जोडीने ताकद एकाएकी गेली असेल, तरीही हाच नियम आहे. बिगएंड बेअरिंग (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) सुटले की कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर यायला फार किलोमीटर लागत नाहीत. टोइंगचा खर्च कितीही झाला, तरी ब्लॉक आणि क्रँकच्या किमतीपुढे तो किरकोळ ठरतो.

इंजिन बंद केल्यावर गेजकाडी काढून ऑइलची पातळी पाहावी आणि ऑइल दोन बोटांत चोळून त्याचा वास घ्यावा. पातळी कमी असेल तर वरचे भाग कोरडे पडून टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजू शकतात. पातळी वाढलेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर एखादी नोझल गळत आहे किंवा पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरत आहे. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगला सांभाळू शकत नाही. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेलेले असते, आणि ते कारण सापडेपर्यंत इंजिन पुन्हा सुरू करू नये.

प्रेशर ठीक आहे, ऑइल स्वच्छ आहे आणि आवाज हलका किंवा मध्यम आहे, एवढी खात्री पटल्यावरच पुढे जावे. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. कॅबिन उलटणारी असेल तर तिचा आधारदांडा लॉक झाल्याचे स्वतः हात लावून तपासावे. गळ्यातला गमछा किंवा उपरणे काढून ठेवावे. फॅनमध्ये कापड अडकून झालेले अपघात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही सूचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ड्रायव्हरचे म्हणणे

गाडीबरोबर रोज बारा तास बसणाऱ्या माणसाचा कान हे गॅरेजातले सर्वांत महागडे यंत्र आहे, असे मी मानतो. मात्र त्याला ‘काय बिघडलंय?’ असे विचारू नये, कारण मग तो ऐकीव निदान सांगतो. ‘दादा, आवाज कधी येतो आणि कधी जातो?’ एवढेच विचारावे आणि तो बोलत असताना मध्ये तोंड घालू नये.

त्याच्या उत्तरातून अर्धे काम होते. आवाज फक्त गार इंजिनाला येतो आणि पाच-दहा मिनिटांत जातो, असे तो म्हणाला, तर पिस्टन आणि लायनर यांच्यातील वाढलेली जागा किंवा एक्झॉस्ट मनिफोल्डची (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळीची) गळती संभवते, कारण तापल्यावर धातू फुगून ती फट भरून काढतो. गरम झाल्यावर आवाज सुरू होत असेल, तर पातळ झालेल्या ऑइलमुळे बेअरिंगची सैल जागा बोलू लागली आहे असे समजावे. चढाला लोडवर वाढणारा आवाज ज्वलनाशी किंवा रॉडशी जोडलेला असतो. उताराला अॅक्सिलरेटर सोडल्यावर येणारा आवाज बहुधा पिस्टन पिन, गिअर किंवा एक्झॉस्ट ब्रेकच्या झडपेकडे बोट दाखवतो. आयडललाच येऊन थोडी रेस देताच नाहीसा होणारा आवाज असेल, तर क्लच प्लेटच्या स्प्रिंगा, गिअरबॉक्स, सैल पत्रे आणि इंजिनाला आधार देणारी फाउंडेशन रबरे आधी तपासावीत.

याच वेळी आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. आवाज सुरू होण्याआधीच्या आठवड्यात गाडीचे कोणते काम झाले, आणि शेवटचे डिझेल कुठे भरले? पंप काढून बसवल्यानंतर सर्व सिलिंडर एकसारखे कडक वाजू लागले असतील, तर टायमिंग पुढे गेल्याचा, म्हणजे डिझेल ठरल्या वेळेआधी फवारले जात असल्याचा, संशय सर्वांत आधी घ्यावा. भारतात विकल्या जाणाऱ्या डिझेलचा सीटेन क्रमांक (ते किती चटकन पेटते याचे माप) किमान ५१ असावा लागतो. रॉकेल मिसळलेल्या डिझेलचा तो घसरतो, पेट घ्यायला उशीर होतो आणि इंजिन एकाएकी कर्कश होते. अशा वेळी टाकी रिकामी करून खात्रीचे डिझेल भरणे आणि फिल्टर बदलणे हीच पहिली दुरुस्ती असते.

ताल मोजणे

हा टप्पा गॅरेजात सहसा वगळला जातो, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो. आयडल ७०० फेऱ्यांचे असेल, तर एका व्हॉल्व्हचे टॅपेट मिनिटाला ३५० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ६ वेळा वाजते. एखाद्या सिलिंडरमधील ज्वलनाचा ठोकाही याच तालात येतो. याउलट फ्लायव्हील, क्लच कव्हर किंवा पुढची क्रँक पुली सैल असेल, तर ठोका प्रत्येक फेऱ्याला पडतो, म्हणजे सेकंदाला १२ च्या आसपास.

सेकंदाला बारा ठोके कानाने मोजता येत नाहीत, पण हातातल्या मोबाइलने ते काम सोपे होते. इंजिन आयडलला ठेवून आवाजाच्या जवळ फोन धरावा, दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा आणि तो पाव वेगाने चालवून ठोके मोजावेत. त्याच वेळी टॅकोमीटरवरचा आकडा लिहून ठेवावा. दहा सेकंदांच्या चित्रणात ५८ च्या जवळपास ठोके भरले तर शोध व्हॉल्व्ह, नोझल आणि एखाद्या एकट्या सिलिंडरकडे वळवावा. ११७ च्या जवळपास भरले तर आधी फ्लायव्हील आणि पुली पाहावी. सैल झालेला रॉड मात्र एका चक्रात दोनदाही वाजू शकतो, त्यामुळे दुप्पट ताल मिळाला म्हणून त्याला निर्दोष ठरवू नये. ज्या खडखडीत कोणताच नियमित ताल सापडत नाही, तिचे मूळ बहुतेक वेळा इंजिनाबाहेर असते: सुटलेला पत्रा, तुटलेले ब्रॅकेट, सायलेन्सरमधला निखळलेला पडदा.

जागा शोधणे

मिस्त्रीचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तमच, पण लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हरही चालतो. त्याचे टोक इंजिनावर घट्ट टेकवावे आणि मूठ कानाच्या पुढे किंवा मागे असलेल्या हाडावर दाबावी, कानात घालू नये. हाडातून येणारा आवाज इतका स्पष्ट असतो की दोन नोझलींमधला फरक ऐकू येतो. टोक फॅन आणि पट्ट्यापासून दूर राहील अशा बाजूने हात घालावा.

ऐकण्याचा क्रम ठरवून घ्यावा. आधी टॅपेट कव्हर पुढून मागे, मग प्रत्येक नोझल, मग इंजेक्शन पंप, पुढचे टायमिंग कव्हर, कॉम्प्रेसर, टर्बो, चेंबरच्या दोन्ही बाजू आणि शेवटी फ्लायव्हील हाउसिंग. प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ आणि सारखाच दाब द्यावा. धातूच्या एकाच ठोकळ्यातून आवाज सगळीकडे पसरत असल्यामुळे ‘ऐकू येतो का’ याला अर्थ नसतो. कुठे सर्वांत तीक्ष्ण येतो, एवढेच नोंदवावे. वर तीक्ष्ण आणि चेंबरवर बोथट असेल तर दोष वरच्या मजल्यावर आहे, आणि चेंबर उतरवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवता येतो.

आधी बाहेरचे संशयित

इंजिन बंद करून गार होऊ द्यावे आणि रबरी हातोडीने सायलेन्सर, उष्णतारोधक पत्रे, एअर पाइपांचे क्लँप आणि ब्रॅकेट हलके ठोकून पाहावेत. जे खुळखुळते, ते तिथेच सापडते. एक्झॉस्ट ब्रेकच्या झडपेचा दांडा हाताने हलवावा. टर्बोचा हवेचा पाइप काढून त्याचे चाक बोटाने फिरवावे. ते अडखळले, किंवा त्याच्या पात्यांवर आणि घरावर घासल्याच्या चकचकीत खुणा दिसल्या, तर तो टर्बो एक दिवसही चालवू नये, कारण तुटलेले पाते थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकते.

एक्झॉस्ट मनिफोल्डची गळती हुबेहूब टॅपेटसारखी वाजते आणि त्यामुळे निष्कारण टॅपेट सेट केले जातात. मनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्याशी काजळीचे काळे फराटे दिसले, आणि आवाज रेस देताना वाढून सोडताना ओसरला, तर गॅस्केट किंवा तुटलेला स्टड हेच कारण असते.

पट्ट्यावर चालणारे भाग वेगळे करण्यासाठी गार इंजिनाचा पट्टा उतरवून ते जेमतेम मिनिटभर चालवावे. वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असल्याने अधिक वेळ चालवू नये. आवाज गेला तर अल्टरनेटर, वॉटर पंप, टेन्शनर किंवा फॅनचे हब यांपैकी एक दोषी आहे. कॉम्प्रेसर मात्र या इंजिनात गिअरवर चालतो, त्यामुळे पट्टा काढून त्याची परीक्षा होत नाही. त्यासाठी एअर पूर्ण उतरवावी आणि इंजिन सुरू करून काटा वर चढताना कान कॉम्प्रेसरकडे ठेवावा. दाब साधारण ८ बारच्या आसपास पोहोचून ‘फिस्स’ असा आवाज आला, की कॉम्प्रेसरवरचा भार उतरतो. त्या क्षणी खडखड बदलली, ब्रेक दाबून एअर कमी केल्यावर परतली, आणि दोन-तीन वेळा असेच घडले, तर निदान पक्के झाले.

क्लचची परीक्षा वरकरणी सोपी आहे आणि म्हणूनच फसवी आहे. न्यूट्रलमध्ये क्लच दाबताच आवाज गेला तर गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट किंवा त्याचे बेअरिंग, आणि दाबताच आवाज आला तर रिलीज बेअरिंग, हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो. परंतु क्लच दाबल्यावर क्रँकही पुढे ढकलला जातो, आणि क्रँकचे पुढे-मागे सरकणे रोखणारा थ्रस्ट वॉशर झिजलेला असेल तर त्या ढकलण्यानेच आवाज बदलतो. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्रँक पुली पुढे-मागे किती सरकते, हे डायल गेज लावून मोजावे.

एकेक सिलिंडर बंद करून पाहणे

इथे एक कडक इशारा देणे भाग आहे. कॉमन रेल इंजिनाच्या, म्हणजे ज्यात सर्व नोझलींना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते त्याच्या, नोझलचा पाइप चालू स्थितीत कधीही सैल करू नये. त्या पाइपांतील दाब १,००० बारच्या कितीतरी पुढे जातो, आणि त्यातून सुटणारी केसाएवढी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात कापावा लागण्याइतकी ती गंभीर होऊ शकते. असे घडल्यास दुखण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. अशा इंजिनात स्कॅनर जोडून त्यातील सिलिंडर बंद करण्याची चाचणी वापरावी.

यांत्रिक पंपाच्या इंजिनातही हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे, नटवर जाड फडके धरावे आणि सांडणारे डिझेल गरम भागावर जाणार नाही याची काळजी घ्यावी. इंजिन आयडलला ठेवून १ नंबरच्या नोझलच्या पाइपाचा नट एक फेरा सैल करावा, आवाज ऐकावा, नट कसावा आणि पुढच्या सिलिंडरकडे जावे. प्रत्येक वेळी इंजिन थोडे अडखळले पाहिजे. जिथे ते अडखळतच नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता.

एखादा सिलिंडर बंद करताच खडखड नाहीशी झाली, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे: नोझल, पिस्टन किंवा रॉड. सहाही बंद करून पाहिले तरी आवाज जसाच्या तसा राहिला, तर टॅपेट, टायमिंग गिअर आणि बाहेरचे भाग उरतात. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र बंद केल्यावरच फरक पडत असेल, तर त्या दोहोंमधल्या, क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगकडे पाहावे.

नोझल आणि रॉड यांच्यातील निवाडा करण्यासाठी संशयित नोझल दुसऱ्या सिलिंडरच्या नोझलशी अदलाबदल करावी, तांब्याचे वॉशर नवीन घालावेत आणि पुन्हा तीच चाचणी घ्यावी. आवाज नोझलबरोबर सरकला तर ती टेस्टिंगला पाठवावी. सुई अडकणारी किंवा थेंब गाळणारी नोझल अगदी रॉडसारखा कडक ठोका देते. आवाज जागेवरच राहिला, तर मात्र तो सिलिंडर आतून पाहावा लागेल.

टॅपेट

संशय वरच्या मजल्यावर येऊन थांबला असेल, तर टॅपेट कव्हर उतरवावे. उदाहरणाला घेतलेल्या इंजिनात गार स्थितीत रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यातील जागा इनलेटला ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला सुमारे ०.५० मिलिमीटर असावी लागते. फायरिंग क्रम १-५-३-६-२-४ आहे. १ नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून १ चे दोन्ही व्हॉल्व्ह, २ चा इनलेट, ३ चा एक्झॉस्ट, ४ चा इनलेट आणि ५ चा एक्झॉस्ट मोजावा. मग क्रँकचा एक पूर्ण फेरा देऊन २ चा एक्झॉस्ट, ३ चा इनलेट, ४ चा एक्झॉस्ट, ५ चा इनलेट आणि ६ चे दोन्ही मोजावेत. इंजिन वरच्या टोकाला आल्याची खूण देणारी टायमिंग पिन वापरली असेल, तर फेरा देण्याआधी ती बाहेर ओढल्याची खात्री करावी, नाहीतर ती आत तुटते.

आकडे आधी जसे आहेत तसे लिहून घ्यावेत आणि मगच सेट करावेत, कारण बिघाडाची गोष्ट त्या जुन्या आकड्यांतच असते. सगळ्या जागा थोड्याथोड्या वाढलेल्या असतील तर ती सर्वसाधारण झीज आहे. एकच जागा फार वाढली असेल, तर त्या जागी पुशरॉड (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत नेणारी काडी) वाकला आहे का, रॉकर झिजला आहे का, हे पाहिल्याशिवाय स्क्रू फिरवू नये. रॉकरच्या टोकाला खळगा पडलेला असेल तर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) त्या खळग्यावरून पुलासारखी जाते, माप बरोबर दाखवते आणि टॅपेट वाजतच राहते. महिन्याभरात तीच जागा पुन्हा सैल होत असेल, तर कॅमचा उंचवटा झिजत आहे, आणि स्क्रू फिरवून त्यावर उपाय होणार नाही.

चेंबर उतरवण्याआधीचे दोन पुरावे

खालच्या मजल्यावर संशय आला तरी आणखी दोन तपासण्या करून घ्याव्यात. पहिली ऑइल प्रेशरची. डॅशबोर्डवरच्या काट्यावर न विसंबता सेन्सर काढून त्या जागी यांत्रिक गेज लावावे आणि इंजिन पूर्ण तापल्यावर वाचावे. या इंजिनात आयडलला किमान ०.७ बार आणि पूर्ण फेऱ्यांवर किमान २.१ बार प्रेशर असायला हवे.

दुसरी तपासणी ऑइल फिल्टरची. फिल्टर करवतीने कापला तर करवतीचाच कीस आत पडतो, म्हणून पत्रा कातरून कागदाच्या घड्या सोडवाव्यात, पिळून ऑइल काढावे आणि पांढऱ्या कपड्यावर उन्हात पसराव्यात. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचे तांबे उघडे पडले आहे. चंदेरी, चुंबकाला न चिकटणारे कण बहुधा पिस्टनचे असतात, आणि चुंबकाला चिकटणारे कण गिअर, कॅम किंवा रिंगांचे. एवढे पाहिल्यावर चेंबर उतरवायचे की नाही, याबाबत वाद उरत नाही. उतरवलेच तर आधी चेंबरच्या तळाचा गाळ पाहावा, मग संशयित सिलिंडरचा रॉड हाताने वर-खाली हलवून पाहावा आणि त्याची कॅप सर्वांत आधी खोलावी. कॅपांवर नंबर नसतील तर काढण्यापूर्वी खुणा कराव्यात.

दुरुस्तीनंतर इंजिन फक्त गॅरेजात रेस देऊन गाडी सोडू नये. आवाज ज्या स्थितीत येत होता, त्याच स्थितीत ती परत न्यावी: गार इंजिनाचा आवाज असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी तोच ड्रायव्हर समोर असताना स्टार्ट करावी, आणि लोडवरचा असेल तर माल भरून खंबाटकीसारख्या चढावर न्यावी. तिथे पहिल्या दिवशी केले होते तसेच दहा सेकंदांचे चित्रण पुन्हा घ्यावे, दोन्ही चित्रणे लागोपाठ ऐकावीत, आणि किलोमीटरचा आकडा व टॅपेटची मापे लिहून ती गाडीच्या फाइलमध्ये ठेवावीत.